पाकिटे कमी करायची आहेत, पण सुरुवात कुठून?

प्रश्न : मी अडतीस वर्षांची असून नोकरी करते. घरी पती, सहावीतला मुलगा, पहिलीतली मुलगी आणि मधुमेह असलेल्या सासूबाई आहेत. प्रक्रिया केलेल्या पदार्थांवरचे एक व्याख्यान ऐकून आल्यावर मी एका रविवारी फडताळ रिकामे केले. नूडल्स, सॉस, ग्लुकोज बिस्किटे, पोहे, रवा, साखर, रिफाइंड तेल, फ्रीजरमधले मटार असे सगळे बाहेर काढले. मल्टिग्रेन बिस्किटे, ब्राउन ब्रेड आणि मुलांच्या दुधातली पौष्टिक पावडर एवढेच ठेवले. गूळ, घाण्याचे तेल आणि सैंधव आणले, पोळ्या बंद करून रोज ज्वारी-नाचणीची भाकरी सुरू केली. आता मुलाचा डबा जसाच्या तसा परत येतो, मुलीचे पोट फुगते, सासूबाई शेजारी जाऊन चहा-बिस्किटे खातात आणि पती बाहेरूनच खाऊन येतात. पोळ्यांना येणाऱ्या मावशी भाकरी करत नाहीत, त्यामुळे मी रात्री अकरापर्यंत ओट्यापाशी असते. हा नाद सोडून द्यावा का? की हळूहळू करण्याची काही रीत आहे?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : सप्रेम नमस्कार.

नाद सोडू नका. तुमचा हेतू रास्त आहे. घाई झाली हे तुम्हालाही कळले आहे, पण त्याहून मोठी गफलत बाहेर काढायच्या वस्तूंची यादी करताना झाली आहे, म्हणून आधी तिच्याकडे वळतो.

धान्य दळणे, भात कांडून पोहे करणे, दुधाला विरजण लावणे, कैरी मिठात मुरवणे या सगळ्या प्रक्रियाच आहेत, आणि त्या वगळल्या तर माणसाला खाण्यासारखे फारच थोडे उरेल. ब्राझीलमधील साओ पावलो विद्यापीठातील कार्लोस मोंतेइरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ पासून मांडलेली ‘नोव्हा’ नावाची वर्गवारी आज जगभर वापरली जाते. तिच्यात पहिला गट धान्ये, डाळी, भाज्या, फळे, दूध, अंडी आणि त्यांच्या दळलेल्या, वाळवलेल्या किंवा गोठवलेल्या रूपांचा आहे. दुसऱ्या गटात स्वयंपाकाला लागणारे तेल, तूप, साखर, गूळ, मीठ येते. तिसऱ्यात चीज, साधा पाव, लोणचे असे पदार्थ येतात, आणि चौथा गट कारखान्यात घटक वेगवेगळे काढून पुन्हा एकत्र जुळवलेल्या, स्वाद, रंग आणि पायसीकारक (तेल-पाणी एकजीव ठेवणारे पदार्थ) घातलेल्या अतिप्रक्रियायुक्त पदार्थांचा. ज्या पदार्थांविषयी काळजी व्यक्त केली जाते ते मुख्यतः या चौथ्या गटातले आहेत. तुम्ही काढून टाकलेले पोहे, रवा आणि मटार पहिल्या गटात बसतात, तेल आणि साखर दुसऱ्यात, आणि जपून ठेवलेली मल्टिग्रेन बिस्किटे व दुधातली पावडर चौथ्यात. ब्राउन ब्रेडही बहुतेक वेळा तिथेच जातो. पोहे आणि रवा या आठवड्यात परत आणा, म्हणजे निदान सकाळच्या नाश्त्याचा प्रश्न लगेच सुटेल.

ही वर्गवारी निर्दोष आहे असे कोणी मानू नये. गव्हाच्या पिठाचा पण कारखान्यात भाजलेला पाव आणि साखरेचे फसफसणारे पेय तिच्यात एकाच गटात पडू शकतात, आणि त्यावर पोषणतज्ज्ञांमध्ये वाद आहेत. तरीही तिच्यामागचा मुद्दा पोकळ नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २० जणांना संस्थेतच ठेवून दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त आणि दोन आठवडे साधे अन्न दिले. दोन्ही वेळी पुढ्यात ठेवलेल्या अन्नातील उष्मांक, साखर, मीठ आणि तंतू सारखेच होते आणि हवे तेवढे खाण्याची मुभा होती. पहिल्या प्रकारच्या अन्नावर ती माणसे दिवसाला सुमारे ५०० उष्मांक जास्त खाऊ लागली आणि त्यांचे वजन दोन आठवड्यांत सरासरी ०.९ किलो वाढले. प्रयोग लहान आणि थोड्या काळाचा होता हे खरे, पण पाकिटातले अन्न नकळत जास्त खाल्ले जाते ही आपल्या सगळ्यांच्या अनुभवाची गोष्ट त्यात मोजून दाखवली गेली.

आता घरातले मल्टिग्रेन बिस्किटांचे पाकीट उलटे करून घटकांची यादी वाचा. आपल्याकडच्या नियमानुसार घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, त्यामुळे पहिले तीन घटक वाचले की पदार्थाचा स्वभाव कळतो. बहुतेक अशा बिस्किटांत मैदा किंवा गव्हाचे पीठ, साखर आणि पाम तेल हेच तिघे पुढे असतात, आणि पाकिटावर ज्यांची चित्रे असतात ती नाचणी, ओट्स, ज्वारी मागून येतात, बऱ्याचदा एक आकडी टक्क्यांत. ब्राउन ब्रेडच्या यादीत मैदा पहिला असेल आणि पुढे कुठेतरी १५० हा क्रमांक (रंग, सोडा अशा मिसळलेल्या पदार्थांना यादीत असे क्रमांक असतात) दिसला, तर तो तपकिरी रंग कोंड्याचा नसून कॅरॅमलचा आहे असे समजावे. मात्र प्रत्येक क्रमांकाला घाबरण्याचे कारण नाही, कारण ५०० क्रमांकाखाली येतो तो आपला खायचा सोडा. मी स्वतः एवढेच पाहतो की या यादीतली किती नावे आपल्या ओट्यावरच्या डब्यांवर लिहिता आली असती. ग्लुकोज सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन, पायसीकारक, ‘नैसर्गिकसदृश स्वाद’ ही नावे तिथे बसत नाहीत. दुधातल्या पावडरीबद्दल सांगायचे तर, एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना अशी पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या सदराखाली दाखवू नयेत अशी सूचना दिली होती, कारण कायद्यात तसा वर्गच नाही. पाकिटावरचा साखरेचा आकडा वाचलात की मुलांच्या दुधात आपण काय घालतो आहोत हे तुम्हीच ठरवू शकाल.

बदलाचा क्रम लावताना सर्वांत वाईट पदार्थ कोणता हे शोधत बसू नका, सर्वांत जास्त वेळा पोटात जाणारा कोणता ते शोधा. फ्रीजवर एक कागद लावा आणि आठवडाभर कोणालाही न टोकता पाकिटातली वस्तू उघडली की फक्त खूण करा. महिन्यातून दोनदा सामोशाबरोबर लागणारा सॉस तुम्हाला जितका खुपतो तितका तो महत्त्वाचा नाही, पण रोजचा चहा आणि त्याबरोबरची चार बिस्किटे, रोज दोन मुलांच्या दुधातली पावडर आणि आठवड्यातून चारदा घाईत भाजलेला ब्रेड यांची महिन्याची बेरीज मोठी होते. तुमच्या घरी पहिला क्रम बहुधा यांचाच लागेल. एका वेळी एकच वस्तू घ्या, तिला दोन-तीन आठवडे द्या, आणि तिच्या जागी काय येणार हे घरात तयार असल्याशिवाय तिला हात लावू नका. घरात असलेली पाकिटे फेकण्याचीही गरज नाही. ती संपू द्या, पुढच्या किराण्याच्या यादीत लिहू नका. फेकलेल्या पाकिटावरून घरात वाद होतो, न आणलेल्या पाकिटावरून सहसा होत नाही.

सासूबाईंच्या बिस्किटांकडे मी थोड्या वेगळ्या नजरेने पाहतो. सत्तरीच्या आसपासच्या माणसाला दुपारच्या चहाबरोबर बुडवून मऊ होणारे काहीतरी हवे असते, आणि भाजलेले फुटाणे किंवा शेंगदाणे पुढे ठेवले तर दात साथ देत नाहीत. त्यांना विचारा, त्यांच्या माहेरी दुपारी काय खात असत. तुम्हाला बहुधा लाहीपीठ हे उत्तर मिळेल. ज्वारीच्या लाह्यांचे पीठ ताकात कालवून, त्यात थोडे मीठ, जिरेपूड आणि हवी तर चिरलेली मिरची घातली की दोन मिनिटांत वाटीभर पोटभरीचे खाणे होते आणि दातांना त्रासही होत नाही. ज्या दिवशी बिस्कीटच हवे असेल त्या दिवशी चाराऐवजी दोन बिस्किटे घरातच, सर्वांसमोर, बशीत काढून द्या. ग्लुकोज बिस्किटांत बहुधा १०० ग्रॅमला २५ ग्रॅमच्या आसपास साखर असते हे खरे, पण शेजारी जाऊन न मोजता खाल्लेल्या बिस्किटांपेक्षा घरातली मोजलेली दोन बरी.

मुलाच्या बाबतीत डब्याचे भांडण आधी मिटवा. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला चार मित्रांसमोर वेगळा डबा उघडायला नको वाटते, आणि यात त्याचा हट्ट म्हणण्यासारखे काही नाही. त्याला आदल्या रात्री दोनच पर्याय द्या, म्हणजे उदाहरणार्थ पोळीचा भाजी घातलेला रोल किंवा मुगाच्या डाळीची धिरडी, आणि निवड त्याच्यावर सोपवा. नूडल्स कायमचे बंद केल्याची घोषणा करू नका. शनिवारचे नूडल्स राहू द्या, पण मसाल्याची पुडी अर्धीच घाला आणि पातेल्यात गाजर, मटार, कोबी, अंडे जे चालेल ते ढकला. पुडीसकट एका पाकिटात साधारण २ ग्रॅमच्या आसपास मीठ जाते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसासाठी सांगितलेली दिवसभराची मर्यादा ५ ग्रॅमच्या आत आहे, हे त्यालाही दाखवा. सहावीच्या मुलाला हे गणित जमते आणि आवडतेही. काही आठवड्यांनी पुडीऐवजी घरचा मसाला, आणि जमल्यास नूडल्सऐवजी गव्हाच्या शेवया, अशी पायरी येऊ शकेल. दुधातली पावडरही चमचा अर्धा-अर्धा करत कमी करावी आणि शेवटी वेलची किंवा बदामाची पूड यावर थांबावे. लहान मुले नवी चव पहिल्या घासात नाकारतात, आठ-दहा वेळा पानात आल्यावर स्वीकारतात, म्हणून एखाद्या दिवशी नाही म्हटले तर तो पदार्थ बाद झाला असे समजू नका.

मुलीचे पोट फुगण्याचे कारण बहुधा एकदम वाढलेला कोंडा आणि तंतू हे आहे. गिरणीवर दळून आणलेल्या, न चाळलेल्या गव्हाच्या पोळीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचे काहीच कारण नव्हते, ती परत सुरू करा. भाकरी आठवड्यातून दोन संध्याकाळी ठेवा, पाणी पुरेसे प्यायला लावा, आणि हळूहळू वाढवा. दोन आठवड्यांत त्रास थांबला नाही तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा, घरगुती उपायांवर वेळ काढू नका. ज्वारी, बाजरी, नाचणीचे पीठ एका वेळी किलोभरच दळून आणा. बाजरीच्या पिठाला तर आठ-दहा दिवसांतच कडवटपणा येऊ लागतो, आणि ‘मुलांना बाजरी आवडत नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा बाजरी नसते, जुने पीठ असते.

यापुढचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. रात्री अकरापर्यंत ओट्यापाशी तुम्ही एकट्याच का आहात? पाकिटातले अन्न घरात शिरले ते काही केवळ जिभेच्या चोचल्यांमुळे नाही. बाई नोकरीला जाऊ लागली, घरातले निवडणे-टिपणे, वाटणे-घाटणे मात्र कोणी वाटून घेतले नाही, आणि ती पोकळी पाकिटांनी भरली. पाकिटे परत पाठवायची तर ते काम परत येणार, आणि ते कोणाच्या वाट्याला येणार हे ठरवल्याशिवाय कितीही उत्तम आहार दोन महिन्यांवर टिकत नाही. पतींकडे गिरणी, मंडई आणि पालेभाजी निवडणे एवढे पूर्णपणे सोपवा. ‘मदत करा’ असे म्हणू नका, ते काम त्यांचेच आहे असे ठरवा. मुलगा लसूण सोलू शकतो, काकडी चिरू शकतो. सासूबाई बसल्या जागी मटार-घेवडा सोलतील, आणि कोणता मसाला किती भाजायचा यावर त्यांचा शब्द शेवटचा ठेवलात तर या सगळ्याकडे पाहण्याची त्यांची दृष्टीही बदलेल. पोळ्यांच्या मावशींना भाकरी येत नाही की त्या दरात परवडत नाही, हे नीट विचारा. भाकरीला वेळ जास्त लागतो आणि तिचे पैसे वेगळे असणे योग्यच आहे. आठवड्यातून दोनच दिवस भाकरी हवी असे सांगितलेत तर त्याही तयार होण्याचा संभव आहे.

रविवारचे दोन तास मिळाले तर ते अशा गोष्टींवर घाला ज्या आठवडाभर, नव्हे महिनाभर, उपयोगी पडतील. माझ्या मते त्यांत पहिला मान थालीपिठाच्या भाजणीचा. दोन वाट्या ज्वारी, दोन वाट्या बाजरी, एक वाटी तांदूळ, एक वाटी हरभऱ्याची डाळ, अर्धी वाटी उडदाची डाळ, अर्धी वाटी गहू, अर्धी वाटी धने आणि दोन चमचे जिरे घ्या आणि प्रत्येक जिन्नस वेगळा, मध्यम आचेवर, खमंग वास सुटेपर्यंत भाजा. सगळे एकत्र भाजण्याचा मोह टाळा, कारण जिरे करपते तेव्हा बाजरी अजून कच्चीच असते. गार झाल्यावर जरा भरड दळून आणा. सकाळी त्यात कांदा, कोथिंबीर, तिखट, मीठ घालून भिजवले, ओल्या फडक्यावर थापले आणि मध्ये भोके पाडून तेल सोडले की ब्रेडला लागतो त्याहून फार तर दहा मिनिटे जास्त लागतात, आणि बरोबर दही किंवा लोणी असेल तर मुलेही कुरकुर करत नाहीत. आले-लसणाचे वाटण थोड्या मिठासह करून फ्रीजमध्ये आठवडाभर, किंवा बर्फाच्या साच्यात गोठवून त्याहून जास्त दिवस ठेवता येते. बाहेर मात्र ठेवू नका. दळलेली हळद-तिखटाची साधी पाकिटे खुशाल आणा, त्यांच्यावर वेळ घालवण्याची आज गरज नाही.

गूळ, तेल आणि सैंधव यांबद्दल थोडक्यात. गूळ चवीला छान आहे, पण तो मुख्यतः साखरच आहे. आपण जेवढा खातो तेवढ्यातून लोह मिळते ते नाममात्र, आणि सासूबाईंच्या रक्तातली साखर गुळाने वाढायची थांबत नाही. चहात साखरेऐवजी गूळ घालण्यापेक्षा जी काही गोडी घालता ती कमी करत न्या. आणायचाच तर फार पिवळाधमक गूळ नको, कारण तो रंग उजळण्यासाठी पुष्कळदा हायड्रोससारखी रसायने वापरलेली असतात. घाण्याचे शेंगदाणा किंवा करडईचे तेल परवडत असेल तर फोडणीला उत्तम, पण ते खवट होण्याआधी संपेल इतकेच आणा. परवडत नसेल तर रिफाइंड तेलासाठी मन खात बसू नका, प्रमाण पाहा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांतील दोन हजार उष्मांकांच्या ताटात तेल-तूप मिळून दिवसाला २७ ग्रॅम धरले आहे, म्हणजे महिन्याला माणशी सुमारे ८०० ग्रॅम. तुमच्या घरी पाच माणसांत, त्यांत दोन मुले असताना, महिन्याला किती डबे रिकामे होतात ते मोजा. सैंधव मात्र रोजच्या स्वयंपाकातून काढा आणि आयोडीनयुक्त मीठ परत आणा. या एका बाबतीत कारखान्यातली प्रक्रिया आपल्या भल्याची आहे, विशेषतः वाढत्या वयाच्या मुलांसाठी.

पती बाहेर खातात त्याची चिंता सध्या करू नका. घरातल्या जेवणात पोहे, पोळी, वरण-भात, त्यांच्या आवडीची उसळ परत आली की त्यातले बरेचसे आपोआप कमी होईल, आणि जे उरेल त्यातला गाडीवरचा ताजा तळलेला वडा-पाव महिन्यातून दोन-तीनदा खाल्ला तर काही बिघडत नाही. सणावाराला, पाहुणे आले असताना किंवा परीक्षेच्या आठवड्यात पाकीट उघडावे लागले तर उघडा.

सासूबाईंच्या बाबतीत एक काम मात्र सर्वांच्या आधी करा. मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असताना आहारातले गोड आणि पिष्टमय पदार्थ एकदम कमी झाले, किंवा जेवणाच्या वेळा हुकल्या, तर रक्तातली साखर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते. घाम फुटणे, हात थरथरणे, गोंधळल्यासारखे होणे ही त्याची लक्षणे आहेत. नव्या ताटात भाकरी किती, भात किती, दुपारी लाहीपीठ किती हे कागदावर लिहून त्यांच्या डॉक्टरांना दाखवा, मूत्रपिंडाची तपासणी अलीकडे झालेली नसेल तर तेही विचारा, आणि पहिले दोन-तीन आठवडे घरी ग्लुकोमीटरवर साखर किती वेळा आणि केव्हा पाहायची हे त्यांच्याकडूनच लिहून घ्या. बिस्किटांना हात त्यानंतर लावा.